टाळ्या वाजवू नका

रझियाआपांना जाऊन महिना होत आला. बातमी मला पालीच्या नामदेवने फोनवर दिली. त्याची मुलगी कधीकाळी आपांकडे वाचायला शिकली होती. "सर, आपा गेल्या. जोहरच्या नमाजानंतर मैयत हाय, तुमी या," एवढंच तो बोलला. फोन मात्र त्याने ठेवला नाही... मीही नाही.

आपांच्या संस्थेचा मी अध्यक्ष. संस्था म्हणजे एक पत्र्याची पेटी, शिकवणाऱ्या चार बाया आणि एक रबरी शिक्का; शिक्का माझ्याकडे असे. पहिली-दुसरीतच मागे पडलेल्या मुलांना लिहा-वाचायला शिकवायचं, एवढंच काम. मूल जे बोलेल ते आपा मोठ्या अक्षरांत लिहीत आणि तेच त्याला वाचायला देत. मूल अडलं तर पुढचा शब्द कुणी सांगायचा नाही. मी एकदा सांगितला, तेव्हा म्हणाल्या, "सर, तुमचं वाचून झालंय ना? मग त्याचं त्याला वाचू द्या."

दुष्काळात माणसं जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला आली, तेव्हा आपांनी वर्गही तिथे नेला. छावणी सहकारी साखर कारखान्याची. पोरं दावणीशेजारी बसत. त्यांत नामदेवची सुनीता होती, दुसरीतली. शाळेने तिच्यावर पाणी सोडलं होतं. नामदेव आपांना म्हणाला, "लई डोकं खपवू नका. दसऱ्यानंतर तिला ऊसतोडीला नेतो. धाकट्याला सांभाळील."

"तोवर वाचायला लागली तर?"

"मग बघू."

"बघू न्हाई नामदेव. गावी ठेवणार का तिला, ते सांग."

नामदेव म्हशीला पेंढी टाकायला वळला.

पुढे कारखान्याचे चेअरमन छावणी पाहायला आले. मंडप पडला. त्या दुष्काळात हारांना फुलं कुठून मिळाली, हे मला अजून कळलेलं नाही. एका मुलीने वाचून दाखवावं म्हणून मॅनेजरने साहेबांच्या स्वागताचा मजकूर पाठवला होता. आपांनी तो परत केला. सुनीता स्वतःचाच कागद घेऊन माइकपुढे उभी राहिली. "आमच्या म्हशीचं नाव चिंगी हाय," तिने वाचलं. टाळ्या पडल्या. ती दचकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा टाळ्या, पुन्हा चिंगी. तिसऱ्या खेपेला लोक थांबले, पण दुसऱ्या वाक्यात ती अडली. चेअरमन शब्द सांगायला वाकले.

"साहेब, थांबा जरा," आपा म्हणाल्या.

मॅनेजरचा चेहरा उतरला. वार्षिक सभेत ज्यांच्यापुढचे विषय वाचून होण्याआधीच मंजूर होत, ते चेअरमन आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडाकडे बघत बसले. मंडपाच्या टोकाला बांबू धरून उभ्या असलेल्या नामदेवचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता... "ती माझं ऐकती," सुनीताने वाचलं. कुणीतरी हात उचलले, तर चेअरमनच माइकवर म्हणाले, "अरे टाळ्या वाजवू नका, पहिल्यापासून वाचील ती." त्यांच्या आजवरच्या भाषणांतलं मला पटलेलं एवढं एकच वाक्य.

सुनीताने कागद संपवला. दुसऱ्या दिवशी पेपरात चेअरमनांचा हसरा फोटो होता. सुनीताचा त्यात कोपर आला होता.

मंडप उतरवताना नामदेव आपांजवळ आला. "घरीबी असंच बोलती ती," म्हणाला. मग बराच वेळ दोरी गुंडाळत राहिला. "म्हातारीपाशी ठेवतो तिला." आणि दसऱ्यानंतर तो खरोखरच तिला गावी ठेवून तोडीला गेला. पुढे सुनीता किती शिकली, हे सांगायचा मोह टाळतो. आपांना यशोगाथांचा कंटाळा होता. आमच्या अहवालातली अशी पानं त्या न वाचताच उलटत.

परवा नेकनूरच्या वर्गावर गेलो. आपांशिवायचा वर्ग मी पहिल्यांदाच पाहत होतो. एक मुलगा शब्दाखाली बोट ठेवून अडला होता. नव्या बाई गप्प होत्या. एरवी एकमेकांच्या चुका काढायला टपलेली बाकीची पोरंही गप्प. मला शब्द दिसत होता. बाहेर बीडची बस हॉर्न देत होती. दिवसातली माझ्या सोयीची ती शेवटची... ती गेली. मुलाचं बोट तिथेच होतं, आणि कुणालाच घाई नव्हती.