कुशाबाईच्या सुनेचं वारं

अंथुर्ण्याच्या कुशाबाईचा आवाज मळ्याच्या या टोकाला चढला, की त्या टोकाच्या बाया मिरच्या तोडायचा वेग वाढवतात. साठी उलटलेली बाई. अर्ध्या एकराच्या ढोबळी मिरचीचा सगळा कारभार तिच्या हातात आणि राग कायम नाकावर. पण गेल्या माघात ती जशी भडकली, तशी आयुष्यात कधी भडकली नव्हती.

सून स्वरूपा दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला गेली होती. बाळंतपणानंतर तिची झोप उडाली होती, गोळ्या चालू होत्या. आता तरी डोकं शांत होईल, या आशेनं गेली. परत आली ती वेगळीच. डोळे मिटले की छाती धडधडायची. हात आपले वाटत नाहीत म्हणायची. ताटातला घास ताटातच. झोपेचं तर नाव नको, आणि मधूनच सगळं अंग थरथरायचं.

शेजारच्या साखरबाईनं ते थरथरणं पाहिलं आणि गावभर केलं, "कुशाबाईच्या सुनंला वारं आलंय."

झालं! वारं आलं म्हणजे देवी अंगात आली. नारळ, खण, हळदकुंकू घेऊन आठवडाभर बायांची रीघ लागली. कुणी विचारतंय म्हैस कधी गाभण राहणार, कुणाला पोराच्या लग्नाची घाई. आणि ती बिचारी भिंतीला पाठ लावून कापतेय. अरे, माणूस आजारी आहे की नाही, एवढं तरी बघाल?

कुशाबाईनं शिबिराची नावं नोंदवणाऱ्या अविराजला फोन लावला. तो तर खूशच झाला.

"काकू, चांगलं लक्षण आहे. आतलं सगळं बाहेर पडतंय. ध्यान थांबवू नका, उलट तासभर वाढवा."

"फारम भरून घेतला तवा इचारलंत का, हिला आधी कवा झोपंचा तरास झालाय का म्हणून?"

फॉर्मवर नाव, गाव, फोन नंबर आणि जेवणात कांदा-लसूण चालतो का, एवढंच होतं.

"आरं, फवारणीच्या बाटलीवरबी लिवल्यालं आसतं! किती घालायचं, डोळ्यात गेलं तर काय करायचं. तुमी माणसाच्या डोक्याला हात घालता, अन् साधी सूचना न्हाय?"

तिनं फोन आपटला. दुसऱ्या दिवशी सकाळी साखरबाई ओटी भरायला वाकली, तेव्हा स्वरूपा रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला देवी करू नका वं. मला झोपायचंय."

"उठा!" कुशाबाई गरजली. "उठा समद्या! देवी न्हाय, वारं न्हाय. आजारी हाय माजी सून!" नारळांची पिशवी तिनं उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली आणि लेकाला गाडी काढायला लावली.

बारामतीच्या मनोविकार डॉक्टरबाईंनी स्वरूपाला आधी पाणी दिलं, मग सगळं नीट विचारून घेतलं.

"ध्यान वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांना सोसतंच असं नाही. पूर्वी असा त्रास झालेल्या माणसानं आधी डॉक्टरांना विचारावं. सुरुवात थोड्या मिनिटांपासून करावी. भीती वाटायला लागली, झोप उडाली, की तिथंच थांबावं. आता ध्यान बंद. जेवायचं, हातानं काहीबाही काम करायचं, गोळी घेऊन झोपायचं. आणखी आधी आणलं असतं तर एवढं वाढलं नसतं."

कुशाबाईला तेवढंच निमित्त पुरलं. "त्या बायांनी अन् त्या अविराजनं घालवलं नऊ दिस! एकालाबी तिचं ऐकून घ्यावं वाटलं न्हाय. माणसं हायती का कोण हायती?"

स्वरूपा खाली बघत होती. मग हळूच बोलली.

"आत्या, आल्या दिवशी मी तुमालाच सांगितलं व्हतं. मला लई भ्या वाटतंय म्हणलं. तवा पैल्यांदा तुमीच माज्या पाया पडला."

कुशाबाईनं ही गोष्ट घरात कुणालाच सांगितली नव्हती. बाहेरच्यांवर काढलेला सगळा राग आता तिच्या स्वतःवरच उलटला आणि तो कुणावर काढायलाही जागा उरली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "पैली मीच."