भोक कुठे पाडायचं

गल्लीत शिंपीमास्तरांना सगळे ‘उद्यामास्तर’ म्हणत. त्यांच्याकडे लग्नाचा कोट टाकला, तर तो हातात पडेपर्यंत नवरदेवाला पोट सुटायचं. पण आज दारात सिनेमावाल्यांची गाडी इंजीन चालू ठेवून उभी होती. कपडेपटाच्या बाईंनी सात एकसारखे पांढरे सदरे टेबलावर आपटले.

"मास्तर, तासाभरात शूटिंग आहे. सगळे हीरोचेच, रीटेकसाठी. प्रत्येकाला छातीवर डावीकडे एक भोक. कडा जळल्यासारख्या हव्यात."

मास्तरांनी खडू उचलला आणि पुन्हा ठेवला.

चाळीस वर्षांपूर्वी चौकात गोळीबार झाला, त्यात त्यांचा थोरला भाऊ गेला. सदरा मास्तरांनीच शिवलेला, म्हणून ओळख पटवायलाही तेच गेले. भोक पाठीवर होतं. घरी येऊन मात्र ते वहिनींना म्हणाले, "दादाने गोळी छातीवर झेलली." त्या वाक्याचं पुढे गाणं झालं, नाटक झालं, चौकात छाती काढलेला पुतळा झाला. जमाव अंगावर धावून आला म्हणून गोळी चालवली, असं सांगणाऱ्या सरकारी अहवालाला तर आयताच साक्षीदार मिळाला! आणि आता सिनेमा. पडद्यावर एकदा दिसलं, की त्या दिवशी चौकात असलेली माणसंसुद्धा तसंच आठवू लागणार.

वहिनी खिडकीपाशी बसून काजं करत होत्या.

मास्तरांनी ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "बाई, भोक पाठीवर पाडू का?"

"काहीतरीच काय! हीरो पळताना दाखवू? पहिल्याच खेळाला लोक खुर्च्या फाडतील."

"पण तो पळतच होता."

खिडकीपाशी सुई थांबली.

"कोण पळत होतं, भाऊजी?"

मास्तर वहिनींकडे वळले. "दादा. सगळेच पळत होते, वहिनी. मागून गोळ्या घातल्या. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"कुठल्या बाजूला पळत होते?"

"आपल्या गल्लीच्या. वळणापाशी सापडला."

वहिनी उठल्या. टेबलापर्यंतची चार पावलं मास्तरांना फार लांब वाटली.

"मला सातवा महिना होता. बंदुकांसमोर छाती काढायची काय गरज होती, म्हणून चाळीस वर्षं मनातल्या मनात भांडतेय मी त्यांच्याशी. ते तर घरी येत होते! आणि तुम्ही मला भांडू दिलंत."

वहिनींनी वरचा सदरा उचलला, पालथा करून पसरला आणि पाठीवर बोट टेकवलं.

"पाडा."

"अहो, दिग्दर्शक माझं डोकं खातील!" बाई किंचाळल्या.

"त्यांना म्हणावं, इकडे या. माझंही खा."

मास्तरांनी कात्री घातली. बाई फोनवर कुणाची तरी मनधरणी करू लागल्या. वहिनींनी दुसरा सदरा पालथा करून पुढे सरकवला, मास्तरांकडे न बघता.