सासूबाईंचा वीस बाय तीसचा फोटो

फोटो मोठा होत नाही, नुसता ताणला जातो. हे वाक्य मी काउंटरवर दिवसातून दहा वेळा इंग्रजीत, चार वेळा हिंदीत आणि आपलं माणूस आलंच तर मराठीत बोलते. लोक येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाखवतात आणि म्हणतात, भिंतीएवढा करून द्या. मोबाइलवर किती क्लिअर दिसतोय बघा! दिसणारच की. तळहाताएवढ्या काचेवर सगळंच क्लिअर दिसतं. फोटो म्हणजे मोजलेले ठिपके. चांगल्या प्रिंटला इंचाला तीनशे ठिपके लागतात, लांबून बघायच्या पोस्टरचं शंभर-दीडशेत भागतं. तेवढे नसले की आमचं मशीन कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दाखवतं. खरं सांगू? त्या त्रिकोणावर बोट ठेवून समोरच्याला नाही म्हणायला मला आवडायचं.

मी फिजिक्समधली एमएस्सी. इथे ऑस्ट्रेलियात आले तेव्हा वाटलं होतं, सहा महिन्यांत कुठेतरी लागेन. लागले ती पॅरामॅटाजवळच्या मॉलमध्ये, फोटो छापायच्या काउंटरवर. नवरा वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आम्ही राहायला हॅरिस पार्कात दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा तिला सांभाळायला सासूबाई वसईहून सहा महिन्यांसाठी आल्या.

बाई कामाची होती, तोंडाचीही. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चहा असतो. तिथे वसईच्या, ठाण्याच्या, वांद्र्याच्या दहा बायकांसमोर कुणीतरी त्यांना विचारलं, सून काय करते? ह्या म्हणाल्या, "मुलगा हॉस्पिटलात मोठ्या लॅबमध्ये आहे. सून दुकानात उभी असते." बस, एवढंच. खोटं काही नव्हतं त्यात. पण माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला चहा तसाच टाकून मी गाडीत जाऊन बसले. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "अगं, मम्मी तशीच आहे, मनावर नको घेऊ." मी मनावर घेतलं. चांगलं घट्ट धरून ठेवलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी घरी बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. अंगावर लाल लुगडं, कानांत सोन्याच्या कुड्या, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा. ते लुगडं त्यांनी वसईहून बॅगेत तळाशी ठेवून आणलं होतं, आणि नेसायला तासभर लागला होता.

"माझा फोटो काढ," म्हणाल्या. "मयतीचा."

आमच्याकडे म्हातारी माणसं असा फोटो आधीच काढून ठेवतात. शवपेटीशेजारी ठेवायला, महिन्याच्या मिस्सेला लावायला, पुढे घरात भिंतीवर. त्यात रडण्यासारखं काही नसतं. कफनाचं कापड घेऊन ठेवावं तसंच ते. पण ह्यांचं कारण वेगळं होतं. सासरे गेले तेव्हा त्यांचा एकही धड फोटो नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून नखाएवढा चेहरा उचलून स्टुडिओवाल्याने तो मोठा केला, आणि दिसेना तेव्हा रंगवला. वर कोट चढवला, टाय बांधला.

"जन्मात टाय बांधला नाही त्या माणसाने," सासूबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं त्या कोटवाल्यापुढे मेणबत्ती लावते मी. माझं तसं नको करू. मी गेल्यावर लोकांनी बघितलं की ही तीच, एवढं ओळखता आलं पाहिजे. मोबाइल नको. खऱ्या कॅमेऱ्याने काढ. तुला येतं ना त्यातलं सगळं?"

तुला येतं ना त्यातलं सगळं. हे त्यांनी मनापासून विचारलं होतं, आज मला कळतं. तेव्हा मला ते टोमण्यासारखं लागलं.

माझ्याकडे युनिव्हर्सिटीच्या दिवसांतला छोटा डिजिटल कॅमेरा होता. कपाटातून काढला. कार्ड जवळजवळ भरलेलं, मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंनी. मोठ्या साइझचे चारच फोटो मावतील असं स्क्रीनवर दिसत होतं. चार पुष्कळ होते. एकानेसुद्धा काम झालं असतं. पण मी मेनू उघडला, साइझवर गेले आणि बटण दाबत दाबत अगदी तळाला आले. तिथे ईमेलला पाठवायची साइझ असते. सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी ठिपके. चांगली छापली तर दीड इंच बाय दोन इंच, ह्याच्यापेक्षा फार तर सूतभर जास्त. मनात म्हटलं, दुकानात उभी असते ना सून? मग घ्या. हिला काय कळणार आहे!

मजा आली, हेच खरं.

बाई खिडकीशी बसल्या. उजेड छान होता. आणि असं झालं की त्या मध्येच थोडं हसल्या, ओठ मिटून, डावीकडे जरा जास्त. त्यांचं ते नेहमीचं हसू, कुणाला तरी गप्प केल्यावरचं. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो असा काही उतरला होता की मलाही क्षणभर वाटलं, चांगला आलाय. त्या चष्मा लावून बघत बसल्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "देव तुझं भलं करो. आता मी सुटले."

त्यानंतर त्या इथे चार महिने होत्या. चार महिने! कुठल्याही रविवारी मी म्हणू शकले असते, मम्मी, पुन्हा बसा, तो नीट आला नाही. लुगडं तिथेच होतं, खिडकी तिथेच होती, कार्ड मी केव्हाच रिकामं केलं होतं. त्या दोनदा म्हणाल्यासुद्धा, "छापून दे, बरोबर घेऊन जाते." मी म्हटलं, काच प्रवासात फुटेल, वेळ येईल तेव्हा बघू. बाईंनी वसईला जाऊन अख्ख्या आळीत सांगून ठेवलं, माझा फोटो ऑस्ट्रेलियात तयार आहे, सुनेने काढलाय, ती त्यातलीच आहे.

वेळ आली तीन वर्षांनी. सकाळी नणंदेचा फोन आला. मम्मी झोपेतच गेली. नणंद भावाला म्हणाली, तू येईपर्यंत ठेवतो तिला, आणि तो फोटो आण, वीस बाय तीस इंचाचा, तिने सगळ्यांना सांगितलंय. नवरा जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडत होता. रडता रडताच मला म्हणाला, "तेवढं तू कर गं. तुझंच काम आहे ते." मुलीची शाळा होती म्हणून मी इथेच थांबणार होते. त्याचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

दुपारी मी दुकानात गेले. फाइल मशीनला दिली, साइझ निवडली. पिवळा त्रिकोण आला. इंचाला वीस-बावीस ठिपके. तरी मी एक प्रिंट काढून बघितली, का ते विचारू नका. मूठभर पिठाची परातीएवढी भाकरी थापायला जावं तसं झालं होतं, नुसती भोकं. डोळ्यांच्या जागी काळे चौकोन, तोंड म्हणजे एक तपकिरी पायरी. ते हसू कुठेच नव्हतं. मी काउंटरच्या मागे खाली बसले. गिऱ्हाईक घंटी वाजवत होतं, मी उठले नाही. मला माझीच किळस आली.

नवऱ्याच्या फोनमध्ये त्यांचे दुसरे फोटो होते की. पण गाऊनवर असल्या की त्या तोंड फिरवायच्या, नाहीतर मुलीला पुढे धरायच्या. सगळीकडे अर्धा कान नाहीतर हात. समोरून, नीट बसून काढलेला असा हा एकच.

मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. तो फोटो दोन इंचाचा छापायचा, चांदीच्या छोट्या फ्रेममध्ये घालायचा आणि नवऱ्याला खरं सांगायचं. दोन इंचात बाई होती तशी होती, लखलखीत. किंवा दुसरी. आता फोटो मोठा करायची सॉफ्टवेअर आली आहेत. ती ताणत नाहीत, जे नाही ते बनवतात. कुठली तरी हजार तोंडं बघून शिकलेली असतात, त्यातून पापण्या घालतात, कातडी घालतात, ओठ घालतात. मी दुसरी गोष्ट केली.

दोन मिनिटांत स्क्रीनवर एक बाई आली. देखणी हो! गाल भरलेले, कपाळ गुळगुळीत, ओठ जरासे उघडे आणि मधून पांढरे शुभ्र दात. हसत होती, पण दोन्ही बाजूंनी सारखं, एखाद्या विम्याच्या जाहिरातीतल्या आजीसारखं. लुगडं मात्र तंतोतंत जमलं होतं. पिवळा त्रिकोण नाही, काही नाही. मी छापलं, फोमबोर्डच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं, कागदात गुंडाळलं आणि घरी आणलं.

नवऱ्याने कागद सोडला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने त्या बाईच्या कपाळावर ओठ टेकवले आणि म्हणाला, "अगदी जिवंत वाटते. थँक यू." मी म्हटलं, "थँक यू कसलं?"

मयत मी मोबाइलवर लाइव्ह बघितली. वसईला हल्ली सगळ्या मयती यूट्यूबवर दाखवतात. पेटी उघडी होती, शेजारी स्टँडवर फोटो. खरी बाई आणि खोटी बाई हातभर अंतरावर. नेट मंद होतं, दोघींचेही चेहरे ठिपक्याठिपक्यांचे दिसत होते, फरक म्हणून कळत नव्हता. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, नेट असंच राहू दे. अशी प्रार्थना करायला मला लाज वाटली नाही.

दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला. "वहिनी, एक विचारू? फोटोत मम्मी वेगळी दिसते ना गं?" आता सुटले, हिलाच सांगून टाकते, असं मनात आलं आणि मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "सगळी आळी म्हणत होती, म्हातारी ऑस्ट्रेलियात जाऊन काय उजळली! सुनेने किती जपलं असेल. आम्हाला इथे नाही जमलं तसं सांभाळायला." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. गप्प रहा, रडू नको, असलं काहीबाही बोलले आणि फोन ठेवला.

तसाच एक फोटो आमच्याही हॉलमध्ये लागला. नवऱ्यानेच सांगून छापून घेतला.

परवा त्यांची वर्षाची मिस्सा होती. त्याच्या आदल्या शनिवारी नवरा कॉम्प्युटरवर मम्मीचे फोटो एका फोल्डरमध्ये गोळा करत होता, मुलगी त्याच्या मांडीवर. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. माझ्या जुन्या ड्राइव्हमधून त्याला ती पहिली फाइल सापडली. मोठ्या स्क्रीनवर त्याने ती उघडली, पूर्ण स्क्रीनभर ताणून, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही कोण गं?" म्हणाला. "लुगडं मम्मीचं आहे."

त्याने शेजारी मोठा फोटो उघडला आणि मुलीला विचारलं, "ह्यातली आजी कुठली, सांग बघू?"

"दॅट वन," मुलीने त्या दातवालीवर बोट ठेवलं. "द अदर लेडी इज स्केरी."

"खरंच. हा कसला तरी बिघडलेला आहे. मम्मी अशी नव्हती," नवरा म्हणाला. मग खुर्ची वळवून त्याने माझ्याकडे बघितलं. "डिलीट करू ना? हिच्या डोक्यात आजी अशी राहायला नको."

हातातली घडी मी पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली. अजूनही वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं.

"कर," मी म्हटलं. त्याने केली.