लेन्स लगाइए, मैडम

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. तेलीबांध्याच्या रस्त्यावर एका बिल्डरच्या नव्या ऑफिसात फ्रंट डेस्कसाठी मुलगी हवी होती. मी बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, आणि सहावीपासून चष्मा लावणारी. दोन्ही डोळ्यांना साडेसहाचा नंबर. चष्मा काढला की समोरच्या माणसाला नाक आहे की नाही, तेही सांगता यायचं नाही.

मुलाखत चांगली झाली. शेवटी मॅनेजर म्हणाला, "सब ठीक है, बस ये चष्मा नहीं चलेगा. अब ये राजधानी है मैडम, बाहर से पार्टी आती है. लेन्स लगाइए, लेन्स."

असं म्हणताना त्याने स्वतःचा सोनेरी काड्यांचा चष्मा नाकावर वर सरकवला. मी तेव्हाच उठून यायला हवं होतं. मी "जी सर" म्हणाले. इतकी वर्षं झाली, पण ते "जी सर" आठवलं की अजून कान तापतात.

आम्ही तेव्हा रायपूरला लागून असलेल्या बीरगांवला राहायचो. बाबा उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात टाइमकीपर होते आणि वर्षभरात निवृत्त होणार होते. घरी सांगितलं तर आई भडकली.

"काहून नाही चालत चष्मा? बसायसाठी ठेवून राहिले का पाह्यसाठी?"

"आई, नोकरी आहे ती."

"मंग डोये बी त्यायलेच देऊन टाक," ती म्हणाली आणि आत गेली. मला तिचा राग आला. आज वाटतं, सगळ्या प्रकरणात शहाणं बोलणारी पहिली तीच होती.

पंडरीच्या बाजारात चष्म्यांचं एक मोठं, चकचकीत दुकान होतं. तिथे गेले. दुकानदाराने माझी जुनी नंबरची चिठ्ठी पाहिली आणि काउंटरवर लेन्सच्या बाटल्या मांडल्या. इंजेक्शनच्या औषधाच्या असतात तशा छोट्या काचेच्या बाटल्या, वर रबरी बूच. निळ्या, हिरव्या, तपकिरी. मी बिनरंगाच्या मागितल्या तर त्याचा चेहरा जरा पडला.

"मशीनवर डोळे नाही तपासणार?" मी विचारलं. मी मराठीत बोलायचे, तो हिंदीत. रायपुरात असंच चालतं.

"नंबर मालूम है ना दीदी? बस. साफ्ट लेन्स है, आँख में अपने-आप बैठ जाता है."

"किती दिवस चालतील?"

"साल-दो साल. जब तक फटे नहीं."

"आणि हे धुवायचं पाणी संपलं तर?"

"सोल्यूशन? खत्म हो जाए तो उबला पानी, चुटकी-भर नमक डाल के. सब यही करते हैं. और डिब्बी वाला फेंकना मत, उसी में थोड़ा नया डाल देना."

मी सगळं एका वहीत लिहून घेतलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला ज्याने-त्याने निष्काळजी म्हटलं. मी निष्काळजी नव्हते. मी विचारलं होतं, लिहून घेतलं होतं, आणि लिहिलं तसंच केलं होतं.

पहिल्या दिवशी लेन्स बसवायला पाऊण तास लागला. आई शेजारी आरसा धरून बसली होती आणि माझ्या प्रत्येक प्रयत्नाला स्वतःचेच डोळे मिटत होती. मग दोन्ही लेन्स बसल्या एकदाच्या, आणि मी अंगणात आले. खोटं नाही सांगत, रडू आलं. सहावीनंतर चष्म्याच्या चौकटीशिवाय मी जग पाहिलंच नव्हतं. समोरच्या कडुनिंबाचं पान न पान दिसत होतं, डोळे तिरके केले तरी दिसत होतं. ते सुख खरं होतं. त्यावर माझा राग नाही.

ऑफिसात एसीचा झोत नेमका माझ्या टेबलावर यायचा. नऊ-नऊ तास बसून डोळे कोरडे ठणठणीत व्हायचे. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. शेअर ऑटोने बीरगांवला परतेपर्यंत कारखान्यांची काळी धूळ डोळ्यांत चुरचुरत असायची. ती धूळ आमच्या गच्चीवर रोज झाडावी लागायची, डोळ्यांत जाणारच. मला वाटायचं, लेन्स लावणाऱ्या सगळ्यांनाच असं होत असेल. डबीतलं कालचं सोल्यूशन स्वच्छ दिसायचं, म्हणून मी त्यातच थोडं नवं ओतायचे. दुकानदाराने तसंच सांगितलं होतं. महिनाअखेरीला बाटली संपली की मीठ-पाणी.

चौथ्या महिन्यात एका सकाळी डावा डोळा लालभडक झाला. खिडकीकडे बघवेना. शेजाऱ्यांकडून ऑफिसात फोन करून रजा मागितली.

"आज मत बोलिए मैडम," मॅनेजर म्हणाला, "आज बड़ी पार्टी आ रही है. ड्रॉप डाल लीजिए और आ जाइए. और लेन्स में ही आइए, प्लीज़."

मी गेले. त्या लाल डोळ्यात लेन्स घालून गेले. हसून पाणी विचारलं, पाहुण्यांना नकाशे दाखवले. दुपारी डोळा उघडेनासा झाला, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन चाचपडत लेन्स काढली. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून बाबा मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होती. तिची आई अमरावतीकडची, त्यामुळे तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. तिने यंत्रातून बराच वेळ पाहिलं.

"लेन्स किसने फिट किया?"

"दुकानदाराने."

"फिट किया, या बेचा?"

बाबांनी मान खाली घातली.

बुबुळावर जखम झाली होती, पांढरा ठिपका पडला होता. तिने लेन्स कशी धुतेस विचारलं. मी वहीतलं सगळं सांगितलं. मीठ-पाण्याशी आले तेव्हा तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण ती म्हणाली, "आपने पूछा था, ये अच्छा किया. जवाब गलत आदमी ने दिया."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बुबुळाचा बाक मोजतात आणि त्या बाकाला साजेल अशी लेन्स निवडतात. माझी लेन्स बुबुळाला घट्ट बसत होती. चष्म्याचा साडेसहा नंबर लेन्समध्ये जसाच्या तसा घ्यायचा नसतो, थोडा कमी करावा लागतो, म्हणून कपाळ ठणकत होतं. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. लेन्स तळहातावर सोल्यूशन घेऊन हलकी चोळायची. डबीतलं सोल्यूशन रोज फेकायचं, डबी उघडी ठेवून वाळवायची, काही महिन्यांनी बदलायची. नळाचं असो की उकळलेलं, पाणी म्हणून लावायचं नाही. आणि डोळा लाल झाला की लेन्स आधी बाहेर, बाकी सगळं नंतर. एवढंच! पाच मिनिटांत सांगून होतं. ही पाच मिनिटं त्या माणसाकडे नव्हती.

तीन आठवडे थेंब चालले. सुरुवातीला दर तासाला. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "फैसन के चक्कर में आँख गँवा लेती." बाबा सहसा कुणाला उलटून बोलत नसत. पण एकदा ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "फैशन नहीं बहनजी, ड्यूटी थी उसकी." मग बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत राहिले.

डोळा वाचला. डाव्या डोळ्यापुढे एक पुसट धूसर डाग राहिला, तो आजही आहे.

बरी झाल्यावर मी चष्मा लावून पंडरीच्या त्या दुकानात गेले. काउंटरवर एक आई आणि कॉलेजातली मुलगी तपकिरी लेन्स बघत होत्या. दुकानदाराने मला ओळखलं नाही. तो कागदाच्या बोळ्याने काउंटरची काच पुसत होता. बोळा उलगडला तेव्हा मी पाहिलं: लेन्सच्या खोक्यातून येणारं माहितीपत्रक होतं ते, इंग्रजीत छापलेलं. काउंटरच्या टोकाला तसल्या पत्रकांचा गठ्ठाच होता. प्रत्येक खोक्यातून काढून ठेवलेला, काच पुसायला!

मला काय झालं कळलं नाही. मी वाकून त्यातलं एक उचललं आणि मोठ्याने वाचायला लागले. पाणी वापरू नये. जुन्या सोल्यूशनमध्ये नवं मिसळू नये. तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं.

"दीदी, धंधे के टाइम तमाशा मत कीजिए," तो म्हणाला.

"हा डोळा पाहा," मी म्हणाले. "तुमच्या चुटकीभर मिठाने केलंय हे. हे कागद माझे होते. मला द्यायचे होते तुम्ही."

"हजारों लोग पहनते हैं. आपको ही हुआ. आपने ही गंदे हाथ लगाए होंगे."

मी त्या आईकडे वळले आणि मुलीचे डोळे आधी डॉक्टरकडून तपासून घ्या म्हणून सांगितलं. बाई नम्रपणे हसली. "हमको तो बस शादी में एक दिन पहनना है," ती म्हणाली आणि तपकिरी लेन्स घेतल्या. माझ्यासमोर घेतल्या. मुलीने मात्र माझ्या हातातलं पत्रक मागून घेतलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं.

सोमवारी चष्मा लावून ऑफिसात गेले. मॅनेजरने आत बोलावलं आणि मागच्या खोलीत फायलींचं काम देऊ केलं.

"चालेल," मी म्हणाले. "फक्त कागदावर लिहून द्या, की चश्मे की वजह से हटाया."

"ऐसा लिखके थोड़ी देते हैं मैडम."

"मग मी बाहेरच बसते."

आणि बसले. त्याने लिहून दिलं नाही, मीही उठले नाही. दोन आठवड्यांनी त्याने दुसरी मुलगी आणली, माझं टेबल खांबाआड सरकवलं आणि पाहुणे तिच्याकडे जातील अशी मांडणी केली. खांबाआड मी आठ महिने काढले. मग एका शाळेच्या कार्यालयात नोकरी मिळाली तेव्हा राजीनामा दिला. त्यात कारण लिहिलं, स्पष्ट लिहिलं. मॅनेजरने तो कागद न वाचताच सही केली.

वर्षभराने त्याच डॉक्टरने माझे दोन्ही डोळे मोजून लेन्स दिल्या. हव्या तेव्हा मी लावते, माझ्या मर्जीने. परवा एका बैठकीत नव्याने रुजू झालेली मुलगी चष्मा काढून ठेवत होती. मी विचारलं, काहून? ती म्हणाली, "फोटो खिंचने वाला है ना, दीदी." मी तो चष्मा उचलून तिच्या हातात दिला. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिला इतकं सगळं एका दमात सांगता आलं नाही.