धिरड्याची कृती

लग्न होऊन बेळगावहून बेंगळुरूला आले तेव्हा माझ्याकडे एक ट्रंक, एक पेटी आणि बालवर्गाला शिकवण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र होतं. ट्रंकेला आणि पेटीला घरात लगेच जागा मिळाली. प्रमाणपत्राचं काय करायचं ते कुणालाच कळेना. चिकपेटेत आमचं कापडाचं जुनं दुकान. त्या घरातली सून शाळेत नोकरीला गेली, तर दुकान बुडालं असंच लोक समजतील, हे सासूबाईंचं म्हणणं.

मी हट्ट केला, अबोला धरला, एकदा जेवण सोडलं. तेही दुपारचंच, कारण रात्री बिसीबेळे भात होता. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. त्यांच्या महिला मंडळातर्फे मे महिन्यात मराठी घरांतल्या लहान मुलांचं शिबिर भरायचं. रोज सकाळी न्यायची, संध्याकाळी परत आणायची.

"तिथे मदतीला जा," त्या म्हणाल्या. "एकाही घरून तक्रार आली नाही, तर जूनपासून शाळेत जा. एक जरी आली, तर पुन्हा विषय काढायचा नाही."

मी आनंदाने हो म्हटलं. आपल्या लोकांनी महिनाभर तक्रार न करणं म्हणजे काय असतं, याचा मला अंदाज नव्हता.

शिबिर होतं हेब्बाळला, तळ्याजवळच्या एका आमराईत. दुकानाच्या लॉरीतून सकाळी कापडाचे गठ्ठे उतरले की त्याच लॉरीत मुलं चढवायची. शिबिराचे प्रमुख एक निवृत्त ड्रिलमास्तर होते. ते कानठळ्या बसवणारी शिट्टी फुंकत, मुलांना हात वर करायला लावत आणि मग झाडाला टेकून डोळे मिटत. हात खाली घ्यायचा हुकूम मलाच द्यावा लागे. बाकी दिवसभर मुलं, मी आणि लाल मुंग्या. मुलं अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलत, आणि "अक्का, याला स्वल्प सांगा की" हे वाक्य मी झोपेतही ऐकू लागले होते.

शिबिर संपत आलं आणि तक्रार नव्हती. मला तर जूनमध्ये मुलांना शिकवायची गाणीसुद्धा सुचू लागली. आणि त्याच आठवड्यात मी आंधळी कोशिंबीर खेळायचं ठरवलं.

त्या खेळात एकावर राज्य असतं, हे मुलांना मान्य नव्हतं. सगळ्यांनाच डोळे बांधून हवे होते. इतकी फडकी आणायची कुठून? आमराईच्या कडेला मुलांचे डबे रांगेत ठेवलेले, प्रत्येक डबा वेगळ्या रंगाच्या फडक्यात बांधलेला. मी सगळी फडकी सोडली. डबे पितळी, एकसारखे होते, पण झाकणांवर नाव घातलेलं दिसत होतं, त्यामुळे मी निश्चिंत होते. पोरं तासभर झाडांवर, एकमेकांवर आणि मास्तरांवर आदळत राहिली. इतकी खूश मी त्यांना कधीच पाहिली नव्हती.

जेवायच्या वेळी मी पहिला डबा उचलून नाव वाचलं. ते सासूबाईंचं होतं. दुसऱ्यावरही त्यांचंच. सगळी झाकणं पालथी घातली, सगळीकडे तेच ठिपक्याठिपक्यांचं नाव. कुठलंही लग्न असो, बारसं असो, मुंज असो, सासूबाईंचा आहेर ठरलेला, आपलं नाव घातलेला पितळी डबा. आमच्या माणसांतलं एकही घर त्यांनी सोडलं नव्हतं.

मग मी डबे उघडले आणि ज्याने त्याने आपला ओळखावा असं जाहीर केलं. शंकरपाळ्यांचे मालक निघाले सात. दहीभाताला कुणी वारस नव्हता. एका गोबऱ्या मुलाने गुंडाळी केलेल्या पिवळ्या धिरड्यांवर बोट ठेवलं आणि माझं म्हणाला. मी डबा त्याच्या हातात दिला. मास्तरांच्या कपाळावरचं टेंगूळ पाहून परत आले, तेव्हा त्याचं दुसरं धिरडंही संपत आलं होतं, आणि तेव्हा मला तो वास आला. माझे भाऊ हॉटेलात जाऊन ऑम्लेट खायचे, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता.

त्या मुलाचं घर म्हणजे कडकडीत सोवळ्याचं. आमच्या घरचं पाणीसुद्धा ते घेत नसत. डबा चालायचा, कारण पितळेला विटाळ नसतो. मी मुलाचं तोंड धुतलं, चूळ भरायला लावली आणि तो हे विसरावा म्हणून प्रार्थना केली.

तो विसरला नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्याची आई आमच्या दारात उभी राहिली. मी माजघरात होते. शाळा गेली, बेळगावला वडिलांना काय सांगायचं, इथपर्यंत माझा विचार झाला.

सासूबाई भाजी निवडत होत्या. तक्रार आहे का, असं त्यांनी सरळच विचारलं.

"तक्रार कसली, अक्का?" ती बाई म्हणाली. "शिबिरात पोरानं कुणाचं तरी धिरडं खाल्लं. रोज करते मी, रोज ढकलून देतो. ते पिवळं होतं, कांदा होता, फुगलेलं होतं, मऊ होतं म्हणतो. तुमच्या सुनेला ठाऊक असेल. कृती हवी होती."

सासूबाईंचा हात थांबला. आमच्याकडे अंडं चालायचं, मागच्या अंगणात, वेगळ्या तव्यावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार. मी खरं सांगायला तोंड उघडलं.

"तिला काय येतंय," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगते. डाळीचं पीठ, आंबट ताक, कांदा बारीक. आणि फेटायचं. हात भरून येईपर्यंत फेटायचं."

"तेवढ्यानं फुगेल?"

"नाही फुगलं तर स्वल्प आणखी फेटायचं."

ती बाई मान डोलावत, पुटपुटत कृती पाठ करत गेली. सासूबाईंनी दार लावलं आणि खरं काय घडलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मी नवी नवरी होते तेव्हा हिच्या सासूनं मला पाणी दिलं होतं," त्या म्हणाल्या. "अंगणात उभं करून. वरून, ओंजळीत. ते मी अजून विसरले नाही. आज त्या घरातली सून माझ्याकडून स्वयंपाक शिकून गेली."

आणि त्या हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग खांबाला धरून, मग खाली बसून. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि डोळ्यांतलं पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, हेही मला दिसलं. मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्या शाळेचं काय, हे विचारायचा धीर होत नव्हता.

त्यांनी डोळे पुसले, भाजीची परात पुढे ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जूनमध्ये रेशमी नको नेसू. सुती चार साड्या काढून देते दुकानातून. मुलं हात पुसतात."