पँटची पट्टी
ओल्या फडक्यावर गरम इस्त्री फिरली की त्या वासाबरोबर मला उल्हासनगरचा एक सिंधी टेलर आठवतो. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि पोट पुन्हा सुटलं तर दुखणं परत येईल, अशी तंबी डॉक्टरांनी दिली होती. आईनं भाकरी-भाजीवर ठेवून त्यांचं वजन इतकं उतरवलं, की पँट कमरेवर राहीना. म्हणून ती आत घ्यायला आम्ही तिघं अंबरनाथहून गेलो. "अंदर मार्जिन ठेवतो, साहेब. आदमी परत फुगतो," टेलर म्हणाला. बाबांचा चेहरा उजळला. "काही ठेवू नका, कापून टाका," आई म्हणाली. टेलरनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे, आणि मान डोलावली. कापलेली करडी पट्टी आईनं पर्समध्ये टाकली. पुढे प्रत्येक लग्नात बाबांचा हात दुसऱ्या जिलेबीकडे गेला, की ती फक्त पर्सची चेन उघडायची. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात बाबांनी दुसरी जिलेबी उचलली, तेव्हा आईच्या पर्समधून घेतलेली ती पट्टी मी खिशातून काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी जिलेबी माझ्या ताटात टाकली आणि पट्टी घडी करून स्वतःच्या खिशात घातली.