बाबलच्या आठ मात्रा

मी भुताखेतांच्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस. पेडण्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, हिशेबात न बसणारं काही मी मानत नाही... म्हणून हे लिहायला वर्ष लागलं.

आम्ही चौघं एक अल्बम करत होतो. मी हार्मोनियमवर, एक व्हायोलिनवाला, एक तबलजी आणि इब्रामपूरचा बाबल घुमटावर, म्हणजे कातडं ताणलेल्या मातीच्या वाद्यावर. प्रकार जरा वेगळा. चाल नाही, राग नाही, ज्याला जे सुचेल ते. पण नियम कडक! मी ज्याच्याकडे बोट करीन त्याने आठ मात्रा एकट्याने वाजवायचं, आणि नववीला सगळ्यांनी एकदम वाजवत उठायचं. खूण नाही, प्रत्येकाने मनात मोजायचं.

बाबल आठाला कधी थांबलाच नाही. गणेशचवथीच्या आरत्यांत घुमट बडवून वाढलेला, मन भरेपर्यंत हात उचलायचा नाही. दरवेळी चार मात्रा जास्त. शेवटच्या तालमीला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आठ म्हणजे आठ. मोजता येत नसेल तर घरी बस."

तो हसला नाही. "बरां मास्तर. शेवटची पाळी तरी आठांत बसयतंय."

तिसऱ्या दिवशी काजूच्या बागेत छातीत कळ आली, आणि गेला.

त्याची बायको, शेवंतीवहिनी, एवढंच म्हणाली, "तेंच्या जाग्यार दुसऱ्या कोणाक बसवू नकात." म्हणून ठरलं, बाबलच्या वाट्याच्या चारही पाळ्यांना आठ मात्रा रिकाम्या सोडायच्या.

हळर्णला एका मित्राच्या घरी भर दुपारी रेकॉर्डिंग केलं. पहिल्या पाळीला मी त्याच्या रिकाम्या पाटाकडे बोट केलं... आणि आम्ही तिघंही बाराव्या मात्रेनंतर उठलो. एकदम, केसाचाही फरक नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच चुकलो.

सवय म्हणाल, तर मीही तेच म्हटलं. चौथ्या, शेवटच्या पाळीला मी मुद्दाम ठरवलं, आज वाजव रे बाबा, हवं तेवढं वाजव. बारा झाल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही.

आठ संपल्या आणि माझी बोटं आपोआप पट्ट्यांवर पडली. त्या दोघांचेही हात त्याच क्षणी पडले. तबलजी नंतर घाबरून विचारत होता, "मास्तर, तुम्ही खूण केली?" मी कसली खूण करणार... मी रडत होतो.

फाईल वहिनीला ऐकवली. तालमीतलं माझं बोलणं मी तिला सांगितलं नव्हतं, धीरच झाला नाही. चौथी पाळी झाल्यावर ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "जावच्या आदी दोन दीस तेंनी दुसरां कायच केल्यानी नाय. तांदळाच्या डब्यार आठ वाजवायचे, थांबायचे. परत आठ."

पन्नास वेळा मोजून पाहिलंय. तीन वेळा बारा, एकदा आठ. का, ते मला ठाऊक नाही. बाबलला त्या चार मात्रा मी सुखाने वाजवू द्यायला हव्या होत्या, एवढंच ठाऊक आहे.